गद्रेकाकांचं शूटिंग

गद्रेकाका ज्या सिनेमात आहेत तो मी एकदाच पाहिला, पुन्हा पाहणार नाही. आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळातल्या लोकांनी त्याची लिंक मला आतापर्यंत सात-आठ वेळा तरी पाठवली असेल. कुठल्याशा महोत्सवात त्याचं कौतुक झालं, पेपरात दोन रकाने आले, आणि सगळीकडे एकच वाक्य फिरतंय की म्हाताऱ्याचं काम करणारे गृहस्थ अभिनय करताहेत असं वाटतच नाही. मी ते वाचते आणि फोन पालथा घालून ठेवते. वाटत नाही, कारण ते करतच नव्हते. पण हे सांगायला तोंड उघडलं तर पुढचं सगळंच सांगावं लागेल, आणि त्या सगळ्यात मीही आहे. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

नऊ वर्षांपूर्वी ह्यांची बँकेतून कोलकात्याला बदली झाली आणि आम्ही डमडमला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. दुसऱ्या मजल्यावरच्या दारावर देवनागरी आणि बंगाली अशा दोन्ही लिपींत पाटी होती : म. वि. गद्रे. आमची खोकी अजून जिन्यातच होती, मला घोटभर चहा मिळाला नव्हता, तेवढ्यात एक उंच, किडकिडीत, मानेत जरा वाकलेले गृहस्थ वर आले. काही हवं-नको विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, नाटकात काम केलंय का? मी वैतागून म्हटलं, शाळेत एकदा झाड झाले होते. त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले की झाडाचा अनुभव वाईट नाही, निदान स्टेजवर उभं कसं राहायचं ते तरी कळतं. मग खाली गेले आणि थर्मासभर चहा घेऊन आले.

ती वाकलेली मान नोकरीने दिलेली नव्हती, हौसेने दिलेली होती. नोकरी त्यांनी खिदिरपूरला केली. वडील तिथल्या गोदीत कामाला म्हणून आले, काका इथेच जन्मले आणि एका शिपिंग कंपनीत जहाजांचे कागद तयार करता करता निवृत्त झाले. पण मंडळाच्या गणेशोत्सवात जे नाटक होतं त्याचे ते चाळीसेक वर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेत एका पायावर भार टाकून, हातातल्या वहीवर छोटा टॉर्च धरून आणि मान खाली घालून उभे राहायचे. चेहऱ्याला रंग त्यांनी कधीच लावला नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, मला लोकांची वाक्यं पाठ होतात, माझं असं एकही होत नाही.

त्यांचं मराठी इतकं शुद्ध की पुण्याहून आलेल्या माणसाने चपापून बोलावं, आणि पुण्याला ते आयुष्यात गेले लग्नापुरते. बाजारात मात्र असं खणखणीत बंगाली बोलायचे की कोळीण त्यांना गद्रेदा म्हणून आधी माप द्यायची. मासा बंगालीत विकत घ्यायचा आणि मराठीत खायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे मोहरीच्या वाटणात नाही, चिंच-तिखटाच्या आमटीत. शेजारच्या चॅटर्जीबाईंना हा हिल्साचा खून वाटायचा आणि त्या तसं तोंडावर बोलायच्या. काकू गेल्यावर ते एकटेच वरणभात करून खायचे. मी भाजी पाठवली की डबा घासून, पुसून परत यायचा, आणि रिकामा कधीच नाही. आत मिठाईच्या दुकानातले दोन संदेश, नाहीतर गंधराज लिंबू. लिंबू पानासकट.

प्रॉम्प्टिंगचे त्यांचे नियम होते आणि त्यात मुलाहिजा नव्हता. पूर्ण वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन शब्द द्यायचे. नटाने विंगेकडे बघितल्याशिवाय तेही द्यायचे नाहीत. आणि सगळ्यांत मोठा नियम मला माझ्याच फजितीतून कळला.

आल्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी मला आईची भूमिका दिली. तिसऱ्या प्रवेशात मुलाचं पत्र वाचून मी चार वाक्यं बोलायची होती. पत्र वाचलं आणि माझं डोकं पाटीसारखं कोरं झालं. मी विंगेकडे बघितलं. काका तिथेच होते, टॉर्च चालू, बोट ओळीवर, आणि शांतपणे माझ्याकडे बघत होते. ओळ काही देईनात. त्या वेळी मी त्यांना मनात जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाच-सहा श्वास गेले असतील, मग वाक्य आपोआप ओठांवर आलं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नव्हतं. नाटक संपल्यावर बायका येऊन डोळे पुसत माझे हात धरू लागल्या आणि मी मात्र काकांशी भांडायला विंगेत गेले.

ते म्हणाले, "तू विसरली नव्हतीस, थांबली होतीस. थांबलेल्या माणसाला ओळ दिली की तो खरंच विसरतो."

हे वाक्य मंडळात सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. कुणाचा नवरा लग्नाचा वाढदिवस विसरला की बायका म्हणायच्या, थांबलेत, विसरले नाहीत. आम्ही इतकं हसलोय त्यावर. पुढे त्याच वाक्याने आमचे डोळे बांधले, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

टुकूला त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. तिची आई सुनंदा आमच्या मंडळातली, वडील बंगाली. कागदोपत्री नाव पौलमी, घरात टुकू. इथे वाढणाऱ्या मुलांचं मराठी जसं असतं तसं तिचं, म्हणजे समजतं सगळं, बोलताना 'माझी सिनेमा' आणि 'माझा आई'. देवनागरी वाचायला तर या मुलांना नकोच असतं. त्यांच्यासाठी काका बालनाट्याची प्रत्येक संहिता बंगाली अक्षरांत लिहून काढायचे, मराठी वाक्यं आणि बंगाली लिपी, प्रत्येक मुलाला वेगळी वही. टुकूसारखी पंधरा-वीस मुलं तरी त्या वह्यांवर मराठी बोलायला शिकली. त्यांच्या कपाटात एक कप्पा या वह्यांचा होता आणि टुकूची वही सगळ्यांत वर होती, कारण ती मोठी होऊन सिनेमा शिकायला गेली. त्या मुलीचा त्यांना फार अभिमान होता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीत आमचा राजवाडे स्टेजवर अडकला. विंगेकडे बघतो तर काका गप्प. प्रेक्षकांत बायकांनी एकमेकींना कोपर मारलं, बघ म्हातारा कसा थांबलाय. राजवाड्याने शेवटी कसंबसं आपलंच काहीतरी जोडून वेळ मारून नेली. मी त्या वेळी पुढच्या प्रवेशासाठी समोरच्या विंगेत उभी होते. मला दिसलं की काकांच्या हातातली वही मिटलेली आहे आणि टॉर्च बंद आहे. ते स्टेजकडे असं बघत होते जसं रस्त्याने जाणारा माणूस क्षणभर मांडवात डोकावतो. मला हे दिसलं. आणि प्रयोग संपल्यावर चहा पिताना सगळ्यांबरोबर मीसुद्धा म्हटलं, थांबलेत.

त्याच हिवाळ्यात टुकू आली. सिनेमा करत होती, स्वतःचा, हाताशी सातआठ माणसं आणि उसना कॅमेरा. गोष्ट अशी की एका निवृत्त माणसाची स्मृती जाऊ लागते, घरच्यांना झेपेनासा होतो, आणि मनोरुग्णांच्या एका नर्सिंग होममध्ये त्याला ठेवतात. तिथले दिवस, तिथली माणसं, रोज भेटायला येणारी बायको. सगळा सिनेमा बंगालीत. मुख्य भूमिकेसाठी तिला काकाच हवे होते. दुसरा कोणी मला चालत नाही आजोबा, असं म्हणून ती त्यांच्या पायाशी बसली. ते तीन दिवस नाही म्हणाले आणि चौथ्या दिवशी वर येऊन मला विचारलं, "मेधा, मी विंगेबाहेर आलो तर बरं दिसेल का ग?" ऐंशीच्या घरातला माणूस आणि इतका लाजला होता. मी म्हटलं, जरूर करा. मीच म्हटलं.

शूटिंग विमानतळाच्या पलीकडच्या एका खऱ्याखुऱ्या नर्सिंग होममध्ये होतं. वरच्या मजल्यावरचा एक वॉर्ड रिकामा होता, तो टुकूला मिळाला. खाली पेशंट होते. काकांनी मला बरोबर नेलं, कारण त्यांना प्रॉम्प्टर लागणार होता आणि त्या कामासाठी त्यांचा दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता. माझ्या हातात संहिता देऊन त्यांनी मला सगळे नियम पुन्हा एकदा म्हणून दाखवायला लावले. बंगाली वाचताना मी अडखळते हे त्यांना माहीत होतं, म्हणून माझ्यासाठी ती देवनागरीत उतरवून काढली होती.

पहिल्या चार दिवसांत आम्ही हसून हसून दमलो. आवाज रेकॉर्ड करणारा सांगू लागला की या वॉर्डात काहीतरी आहे, प्रत्येक वाक्याच्या आधी कुणीतरी कुजबुजतंय. उदबत्ती लावायची भाषा सुरू झाली. शेवटी माइक पलंगापर्यंत नेला तेव्हा कळलं की काका चादरीखालून बाकीच्या नटांना ओळी देत होते. सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ झाली होती, बायकोचं काम करणाऱ्या बाईंचीसुद्धा. टुकूने हात जोडले तेव्हा ते ओशाळून म्हणाले की सवय आहे, तोंड आपोआप हलतं.

पाचव्या दिवशी डॉक्टरचा प्रवेश होता. डॉक्टरचं काम तिथल्याच मानसोपचारतज्ज्ञांना दिलं होतं. ते पेशंटला वार विचारणार, जागा विचारणार, बायकोचं नाव विचारणार. संहितेत पेशंट वार बरोबर सांगतो, जागा बरोबर सांगतो, आणि बायकोच्या नावाला अडखळतो. कॅमेरा सुरू झाला. डॉक्टरांनी वार विचारला. काकांनी खोलीभर नजर फिरवली, भिंतीवर कॅलेंडर शोधलं आणि कसनुसं हसले. आपण कुठे आहोत असं विचारल्यावर म्हणाले, खिदिरपूर. जहाज लागलंय, कागद राहिलेत. मग बायकोचं नाव विचारलं. ते बंगालीतून एकदम मराठीत आले आणि म्हणाले, "ती आत आहे. विचारून सांगतो."

संहिता माझ्या मांडीवर होती आणि यातलं एकही वाक्य तिच्यात नव्हतं. मी ओळ द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. थांबले असतील, असं वाटलं. त्यांनीच शिकवलं होतं. मग माझी नजर टुकूकडे गेली. तिच्याही हातात संहिता होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान वळवून नजर पुन्हा कॅमेऱ्याकडे लावली. कट म्हणायला तिने किती वेळ घेतला ते मी मोजलं नाही, पण काका त्या खुर्चीत बराच वेळ दाराकडे बघत बसले होते, आतून कुणी येतंय का म्हणून. मग टाळ्या झाल्या. बायकोचं काम करणाऱ्या बाई रडत होत्या. सिनेमातला सगळ्यांना आवडलेला तुकडा तो हाच.

परत येताना नागेरबाजारच्या अलीकडे वाहतूक तुंबली तेव्हा ते टॅक्सीत बोलायला लागले. खालच्या मजल्यावर त्यांना एक गृहस्थ दिसले होते, रोज दुपारी आंघोळ करून, भांग पाडून जाळीच्या दारापाशी उभे राहणारे. मुलगा चार वाजता येतो म्हणून गेला होता. त्याला चार वर्षं झाली असं तिथल्या नर्सने सांगितलं.

"मेधा, तुम्ही सगळे म्हणता मी थांबतो. मी थांबत नाही ग. मला कळतंय काय चाललंय ते. जायचं ते जाऊ दे, पण मला माझ्या घरात विसरू दे. तिथे नको. शिरीषला मी सांगू शकणार नाही, तो माझं ऐकत नाही. तू शब्द दे."

मी म्हटलं, "मी असेपर्यंत तुम्हाला कुणी तिथे ठेवणार नाही." काही विचार न करता म्हटलं, पण खोटं नव्हतं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मी शिकवते त्या शाळेतली रजा संपली, त्यामुळे उरलेल्या शूटिंगला मी गेले नाही. पुढचं वर्ष त्यांचं उताराचंच होतं. गॅस तसाच चालू राहू लागला. एकदा सकाळी डबा घेऊन ऑफिसला म्हणून निघाले आणि मेट्रो, बस बदलून खिदिरपूरला पोचले. त्यांची कंपनी केव्हाच बंद झालेली, तिथे आता दुसरंच गोदाम आहे. तिथल्या दरवानाने खिशातल्या चिठ्ठीवरच्या नंबरवर मला फोन केला. चिठ्ठी मीच ठेवली होती. आया पुरवणाऱ्या एका सेंटरमधून बायका लावल्या तर पहिली दोन आठवड्यांत गेली आणि दुसरीला त्यांनी चोर समजून न्हाणीघरात कोंडलं. त्यांचा मुलगा शिरीष हैदराबादहून आला. एकुलता एक. तो दुष्ट आहे असं मी म्हणणार नाही. पंधरा दिवस तो वडिलांच्या मागे मागे फिरत होता आणि त्याचे डोळे लाल असायचे. पण त्याने एकदाही त्यांच्याशेजारी बसून काही विचारलं नाही, सगळं त्यांच्या डोक्यावरून आमच्याशी बोलायचा.

एक दिवस तो आणि टुकू माझ्याकडे आले. शिरीष म्हणाला की त्याच नर्सिंग होममध्ये तीन आठवडे ठेवावं लागेल, फक्त तीन. औषधं बसवायची, रात्रीची झोप लागायला लागली की घरी आणायचं. मग तो घरून काम मागून घेणार होता, इथेच राहणार होता. पण ते जायला तयार नाहीत, दाराची चौकट धरून बसतात. तेव्हा टुकूने सुचवलं की एक सीन राहिलाय, पुन्हा घ्यायचाय असं सांगू. शूटिंगला ते आनंदाने येतील.

मी म्हटलं माझ्याच्याने हे होणार नाही. मी त्यांना शब्द दिलाय हेही सांगितलं. शिरीष म्हणाला, "काकू, कायमचं ठेवायला नव्हे, बरं होण्यापुरतं नेतोय. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही. तुमच्यावर आहे." ह्यांनीही होकाराची मान हलवली. तीन आठवडे म्हणजे काहीच नाही, असं मी स्वतःला दहा वेळा सांगितलं, आणि खाली गेले.

शूटिंग म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी स्वतः दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. कुठला प्रवेश, विचारलं. मी म्हटलं खिडकीजवळचा. संहिता कुठाय, विचारलं. मी म्हटलं टुकू तिथे देईल. ते एक क्षण माझ्याकडे बघत राहिले आणि मग चपला शोधायला लागले. टॅक्सीत त्यांनी मला विचारलं की संहिता तूच धरशील ना, आणि मी हो म्हटलं.

शिरीष खाली सह्या करत राहिला. टुकू येणार होती, आली नाही. वर वॉर्डमध्ये एका तरुण नर्सने त्यांचं ब्लडप्रेशर घेतलं. ते माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "ही नवीन आहे. चांगलं करतेय." मग त्यांनी दिवे कुठे आहेत म्हणून विचारलं. नर्सने मला डोळ्यांनी जायची खूण केली. मी म्हटलं, टुकूला घेऊन येते. ते पलंगावर नीट मांडी घालून बसले, सदऱ्याची बाही सारखी केली, आणि मला म्हणाले सावकाश ये, घाई नाही. मी खाली आले. जाळीचं दार माझ्या मागे लागलं त्याचा आवाज मी ऐकला.

तीन आठवड्यांचे पाच झाले. शिरीष म्हणायचा डॉक्टर अजून नको म्हणतात. एका सकाळी मी शाळेला निघाले तर दोन माणसं दुसऱ्या मजल्यावरून लाकडी कपाट उतरवत होती. दारावरची पाटी निघाली होती, चार स्क्रूची भोकं तेवढी उरली होती. घरमालक म्हणाले, जागा सोडायचं तर दोन महिन्यांपूर्वीच ठरलं, तुम्हाला माहीत नाही? म्हणजे तीन आठवडे हे कधीच नव्हते. मी जिन्यातच उभी राहून शिरीषला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "काकू, तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना टॅक्सीत बसवलं असतं का?"

नसतं बसवलं. म्हणून तर मला सांगितलं नाही. काकांना फसवायला त्यांना मी हवी होते, आणि मी खरी वाटावी म्हणून आधी मला फसवलं. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि तो नीट कुणावर काढावा हेही समजत नव्हतं, कारण टॅक्सीत तर मीच बसले होते.

टुकूला फोन केला. ती रडायला लागली आणि रडता रडता जे मी विचारलंही नव्हतं ते सांगून मोकळी झाली. त्या पाचव्या दिवशीच डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा अभिनय नाही, यांना ताबडतोब तपासायला हवं. तिने डॉक्टरांना म्हटलं, आठ दिवसांचं काम राहिलंय, तेवढं होऊ दे. मग आठ दिवस तिने त्यांना संहिता दिलीच नाही. कॅमेरा लावायचा आणि प्रश्न विचारत राहायचे. "आजोबा खूप सुंदर करत होता काकू," ती म्हणाली, "मी थांबवली असती तर ते गेलं असतं." वर हेही सांगितलं की शेवटच्या पाटीवर विशेष आभारांत माझं नाव टाकलं आहे. मी फोन ठेवून दिला. ज्या माणसाने तिच्यासाठी वही लिहून काढली त्याच्याशी ती असं वागली, आणि तिला ते कळतसुद्धा नाही, ती सिनेमाबद्दलच बोलत होती.

मी नर्सिंग होमला फोन करून विचारलं, त्यांना घरी आणता येईल का. ते म्हणाले, ज्यांची सही आहे त्यांनीच यायला हवं. ह्यांनी विचारलं, आणून ठेवणार कुठे, आपली बदली कधीही येईल. मंडळात सगळे म्हणत होते योग्यच झालं, शेवटी जाणकारांच्या हातात आहेत. मी त्या वर्षीच्या नाटकाला गेले नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना भेटायलाही गेले नाही. जायला निघायचे आणि चप्पल काढून परत बसायचे. सहा महिने असे गेले.

मग नागपूरची बदली आली. सामान बांधायला घेतलं तेव्हा मी गेले.

भेटायची वेळ दुपारची असते. काका बाहेरच्या लांब व्हरांड्यात बाकावर बसले होते. दाढी केलेली, केस कापलेले, कुणाचा तरी ढगळ स्वेटर अंगात. ते वाळले होते, पण नीटनेटके होते. मी जवळ जाऊन 'काका' म्हटलं. त्यांनी वर बघितलं आणि सरकून मला जागा करून दिली. मराठी ऐकून त्यांना फार बरं वाटलं, तसं ते म्हणालेही. आपण कुणाकडे आलात, त्यांनी विचारलं. नात्यातले एक आहेत, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी समजुतीने मान हलवली आणि जेवण इथलं बरं असतं, फक्त वरण गोड करतात, असं मला सांगितलं.

मग ते माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"डमडमला जाणं होतं का आपलं?"

मी हो म्हटलं.

"मग एक निरोप पोचवाल? आमच्या वरच्या मजल्यावर मेधा म्हणून आहे. तिला एवढंच सांगा की गद्रे इथे आहेत. तिला माहीत नाही. कुणी सांगितलंच नसणार. तिला कळलं ना, तर ती एक दिवससुद्धा मला इथे राहू देणार नाही."

मी सांगते म्हटलं. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. लिहून घ्या म्हणाले, माणूस घरी जाईपर्यंत विसरतो. मी पर्समधून पेन आणि औषधांच्या दुकानाची एक पावती काढली. त्यांनी सावकाश एकेक शब्द सांगितला, नाव, इमारत, तिसरा मजला, समोर मिठाईचं दुकान. सगळं बरोबर होतं. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं, आणि माझं नाव, माझा पत्ता मी त्यांना वाचून दाखवला.